अमेरिकेत धार्मिक कोण?

कोणते राज्य किती धार्मिक, हे मोजायचे कसे? प्यू रिसर्च सेंटर या संशोधन संस्थेने चार प्रश्नांचा आधार घेतला: चर्चला किती वेळा जाता, प्रार्थना किती करता, देवावर विश्वास किती, आयुष्यात धर्माचे महत्त्व किती. 2014च्या पाहणीत दक्षिणेतल्या अलाबामा आणि मिसिसिपीत 77 टक्के प्रौढ 'अतिशय धार्मिक' ठरले, तर मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायरमध्ये फक्त 33 टक्के.

गंमत अशी, की मॅसॅच्युसेट्स ही मुळात कर्मठ प्युरिटन प्रोटेस्टंटांची वसाहत. तिथे चर्चसाठी करवसुली 1833पर्यंत कायदेशीर होती! पुढे त्याच राज्याने 2004 मध्ये, देशात सर्वांत आधी, समलिंगी विवाहांना मान्यता दिली.

पण धार्मिक म्हणजे परंपरानिष्ठ, हे समीकरणही सरळ नाही. दक्षिणेच्या धार्मिक पट्ट्यातल्या, म्हणजे 'बायबल बेल्ट'मधल्या आर्कन्सॉत घटस्फोटांचे प्रमाण मॅसॅच्युसेट्सपेक्षा बरेच जास्त आहे. दक्षिणेत लग्ने लवकर होतात, शिक्षण आणि उत्पन्न कमी. संसार मोडण्यामागे श्रद्धेपेक्षा ही कारणे मला जास्त पटतात. युटाची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे मॉर्मन पंथाचा पगडा. त्याच पाहणीत दर आठवड्याला प्रार्थनेला जाण्यात हे पश्चिमेकडचे राज्य दक्षिणेच्याही पुढे निघाले.