ग्राफ थिअरी : सारखे दिसणारे प्रश्न, वेगळ्या वाटा

शाळेत ‘आलेख’ म्हटले की क्ष आणि य अक्षांवर काढलेली रेषा डोळ्यांसमोर येते. विद्यापीठात शिकवल्या जाणाऱ्या ‘ग्राफ थिअरी’तील आलेख मात्र निराळे असतात. त्यांत केवळ काही बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या कडा असतात. बिंदू म्हणजे शहरे, संगणक किंवा माणसे. कडा म्हणजे त्यांच्यामधील रस्ते, तारा किंवा ओळखी. गणित व संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमांत आणि संगणकशास्त्राच्या ‘गेट’ परीक्षेतही हा विषय आहे. ठरावीक रीती पाठ करून यात गुण मिळतीलही. पण सारख्या दिसणाऱ्या दोन प्रश्नांतील अंतर ओळखणे, हा त्याचा खरा गाभा आहे.

सात पुलांचे कोडे

या शाखेचा आरंभ लिओनार्ड ऑयलर यांच्या १७३६ मधील शोधनिबंधापासून मानला जातो. प्रशियातील कोनिग्सबर्ग (आजचे रशियातील कालिनिनग्राद) शहरात नदीवर सात पूल होते. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सर्व पूल फिरता येतील का, असा प्रश्न होता. एका पुलाने एखाद्या भूभागावर आल्यास दुसऱ्या पुलाने बाहेर पडावे लागते. त्यामुळे सुरुवात आणि शेवट वगळता प्रत्येक भूभागाला जोडणाऱ्या पुलांची संख्या सम असायला हवी. कोनिग्सबर्गच्या चारही भूभागांवर ती विषम होती : एकावर पाच, उरलेल्या तिघांवर प्रत्येकी तीन. म्हणून अशी फेरी अशक्य ठरली. केवळ मोजणीने प्रश्न सुटला.

आता ‘प्रत्येक पूल’ऐवजी ‘प्रत्येक ठिकाण’ एकदाच, असा बदल करा. प्रश्न तसाच वाटतो. परंतु कोणत्याही जाळ्यासाठी याचे झटपट उत्तर देणारी रीत आजवर सापडलेली नाही. सर्वांत कमी अंतराची फेरी एकेक पर्याय तपासून शोधायची झाल्यास १० शहरांसाठी १,८१,४४० फेऱ्या पडताळाव्या लागतात. २० शहरांसाठी हा आकडा सहा कोटी अब्जांच्या पुढे जातो.

वेळापत्रकातील रंग

परीक्षांचे वेळापत्रक हेही असेच उदाहरण. प्रत्येक विषय हा बिंदू. एकच विद्यार्थी ज्या दोन विषयांना बसतो, त्यांच्यामध्ये कड. जोडलेल्या बिंदूंना वेगळे रंग द्यायचे आणि प्रत्येक रंग म्हणजे एक सत्र. दोन सत्रांत परीक्षा बसते का, हे चटकन ठरते. कारण एक विषय सकाळी ठेवला की त्याला जोडलेले सगळे विषय आपोआप दुपारी जातात. सत्रे तीन झाली की मात्र प्रत्येक टप्प्यावर निवड करावी लागते आणि मोठ्या जाळ्यांत हा प्रश्न अत्यंत अवघड होऊ शकतो.

श्रीखंडे आलेख

सारखेपणा किती फसवा असू शकतो, याचे विख्यात उदाहरण मराठी गणितज्ञ शरदचंद्र शंकर श्रीखंडे यांच्या नावाने ओळखले जाते. मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुखपद भूषवलेले श्रीखंडे, लॅटिन चौरसांविषयीचे ऑयलर यांचेच एक अनुमान खोडून काढणाऱ्या तीन गणितज्ञांपैकी एक होते.

त्यांच्या १९५९ मधील आलेखात १६ बिंदू असून प्रत्येक बिंदू सहा बिंदूंना जोडलेला आहे आणि कोणत्याही दोन बिंदूंचे सामाईक शेजारी नेमके दोन आहेत. बुद्धिबळातील हत्तीच्या चालीने चार बाय चार पटावरील घरे जोडली, तरी हेच आकडे मिळतात. तरीही दोन्ही आलेख भिन्न आहेत. हत्तीच्या आलेखात कोणत्याही बिंदूचे सहा शेजारी आपापसांत दोन सुटे त्रिकोण बनवतात. श्रीखंडे आलेखात त्यांचे एक षटकोनी कडे होते.

म्हणूनच या विषयात सिद्धतेला महत्त्व आहे. मार्ग आखणे असो वा वेळापत्रक, प्रोग्रॅम लिहिण्याआधी समोरचा प्रश्न पुलांच्या जातीचा आहे की शहरांच्या फेरीच्या, हे विद्यार्थ्याला ठरवावे लागते. अचूक उत्तर शोधायचे की पुरेसे चांगले उत्तर स्वीकारायचे, हा निर्णय त्यावरच अवलंबून असतो.