घरची ठेव

घरांतील जुने कागद म्हणजे अडगळ, असा पुष्कळांचा समज असतो. अशा समजामुळें केवढी संपत्ति नाश पावते, आणि एका मनुष्याच्या चिकाटीनें ती कशी वांचते, हें जर्मनींतील एका सरदाराच्या चरित्रावरून आमच्या विद्यार्थिमित्रांस सांगावें, असें आम्हांस वाटतें.

या गृहस्थांचें नांव हान्स फॉन उंड त्सू आउफ्सेस. नांव लांबलचक खरें, पण तें अर्थपूर्ण आहे. 'फॉन' म्हणजे अमुक गांवचे, आणि 'त्सू' म्हणजे अद्यापि त्याच गांवीं नांदणारे. उत्तर बव्हेरियांतील आउफ्सेस या गांवीं त्यांच्या घराण्याची गढी आहे. घराण्याचा उल्लेख १११४ सालापासून आढळतो.

हान्स यांचा जन्म १८०१ सालीं झाला. पुढें दोनच वर्षांनीं जर्मन संस्थानिकांनीं मठांची मालमत्ता ताब्यांत घेतली, आणि असंख्य हस्तलिखितें इकडेतिकडे पांगलीं. कित्येक चर्मपत्रें तर रद्दीच्या भावानें पुस्तकबांधणीवाल्यांकडे गेलीं. १८०६ सालीं जुनें साम्राज्य बुडालें, व अशा सरदारांची सत्ताही संपली.

हान्स यांनीं कायद्याचा अभ्यास केला. पण त्यांचें चित्त सनदा, ग्रंथ, नाणीं व हत्यारें यांतच रमलें. त्यांचा संग्रह वाढत गेला, आणि १८३८ सालीं त्यांनीं आपल्या घराण्याचा इतिहासही प्रसिद्ध केला. तेवढ्यावरच ते थांबते, तर 'कुलाभिमानी सरदार' एवढीच त्यांची ओळख राहती. परंतु एका घरची सनद उलगडण्यास दुसऱ्या घरचें दप्तर लागतें; आणि जर्मनी तर तेव्हां अनेक राज्यांत विभागलेली होती. म्हणून सर्वांसाठीं एकच संग्रहालय असावें, हा त्यांनीं ध्यास घेतला.

१८३३ सालीं न्युरेंबर्ग शहरीं त्यांनीं काढलेलें मंडळ थोड्याच वर्षांत मोडलें. १८४६ सालीं त्यांनीं पंडितांपुढें पुन्हां आपली योजना मांडली. तिलाही लगेच फळ आलें नाहीं. अखेर १८५२ सालीं ड्रेस्डेन येथील परिषदेनें ती मान्य केली, न्युरेंबर्ग येथें राष्ट्रीय संग्रहालय स्थापन झालें, आणि हान्स त्याचे पहिले संचालक झाले. त्यांनीं आपला सारा संग्रह संस्थेच्या हवालीं केला. १८६४ सालीं संस्थेनें तो विकत घेतला. जी वस्तु मिळणार नाहीं तिची प्रतिकृति करावी, व कोणती वस्तु कोठें आहे याची सूचि ठेवावी, अशी त्यांची पद्धति होती. १८५७ सालीं एक जुना मोडकळीस आलेला मठच संग्रहालयास मिळाला!

हान्स १८७२ सालीं वारले. दुसऱ्या महायुद्धांत बाँबवर्षावानें इमारतींची मोठी हानि झाली. परंतु बहुतेक संग्रह अगोदरच सुरक्षित स्थळीं हलविलेला असल्यामुळें वांचला. आज तेथें बारा लाखांहून अधिक वस्तु आहेत.

आपल्या घरीं गढी नसेल, पण एखादी जुनी पेटी असेलच. सुटींत आजोबांजवळ बसून त्यांतील एक तरी कागद वाचून घ्यावा, आणि तो कोणाचा व कोणत्या सालचा, हें निराळ्या चिठ्ठीवर टिपून त्यासोबत ठेवावें. संग्रहाचा आरंभ एवढ्यानेंच होतो.