जुन्या मोटारीतला ‘खट्ट’ आवाज : दोष क्रॉसचा की आणखी कशाचा?

पहिला गिअर टाकून क्लच सोडताच गाडीच्या पोटातून ‘खट्ट’ असा एकच आवाज येतो. रिव्हर्स टाकला की तो पुन्हा ऐकू येतो. अँबॅसडर, प्रीमियर पद्मिनी, जुनी जीप किंवा मारुती ओम्नी बाळगणाऱ्यांना हा आवाज परका नाही. त्यावर दोन टोकांच्या प्रतिक्रिया उमटतात. ‘जुनी गाडी आहे, वाजणारच’ म्हणून कोणी तो सोडून देतो, तर कोणी घाबरून गिअरबॉक्स किंवा मागील हाउसिंग उघडण्याचा खर्च अंगावर घेतो. प्रत्यक्षात या आवाजाचे मूळ अनेकदा एका लहानशा, तुलनेने स्वस्त भागात असते. त्याला गॅरेजच्या भाषेत ‘क्रॉस’ म्हणतात; त्याचे पुस्तकी नाव युनिव्हर्सल जॉइंट.

या गाड्यांचे इंजिन पुढे असते आणि गाडी ढकलतात मागची चाके. इंजिनाची ताकद मागे नेणारा लांब पोकळ दांडा म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट. गिअरबॉक्स सांगाड्याशी बांधलेला असतो, तर मागचा अ‍ॅक्सल कमानपाट्यांवर खालीवर होत राहतो. त्यामुळे दोघांमधला कोन सतत बदलतो आणि शाफ्टला वाकते सांधे द्यावे लागतात. अधिक चिन्हासारखा पोलादी क्रॉस, त्याच्या चार टोकांवर चार कप आणि प्रत्येक कपात दाभणासारख्या बारीक सळयांचे निडल बेअरिंग, अशी या सांध्याची रचना असते. ही कल्पना जुनी आहे. सतराव्या शतकातील इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याच्या नावाने हा सांधा आजही ओळखला जातो.

क्रॉस झिजतो तो मुख्यतः ग्रीस संपल्यामुळे. तुंबलेल्या पावसाच्या पाण्यातून गाडी नेली की पाणी आत शिरते, ग्रीस निघून जाते आणि सळयांना गंज चढतो. कोरड्या सळया क्रॉसच्या टोकावर एकाच जागी दाब देत राहिल्या की तेथे खाचा पडतात. मग ताकदीची दिशा बदलताच क्रॉस त्या मोकळ्या जागेत आपटतो. हाच तो खटका.

आवाज कधी येतो, यावरून निदानाची निम्मी वाट सरते. गाडी हलताना किंवा अ‍ॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबताना खटका येत असेल, तर तो प्रसारण यंत्रणेतील ढिलाईचा समजावा. हळू वेगात चिमणीसारखा ‘चिक-चिक’ आवाज येत असेल आणि वेगाबरोबर त्याची लय वाढत असेल, तर सांधा कोरडा पडला आहे. हा इशारा अनेकदा खटक्याच्या आधी मिळतो, पण खिडक्या बंद ठेवून चालवणाऱ्याच्या कानी तो पडत नाही. विशिष्ट वेगाला गाडीचा तळ थरथरत असेल, तर सुरक्षित, मोकळ्या रस्त्यावर त्या वेगात क्षणभर क्लच दाबून पाहावे. थरथर तशीच राहिली तर संशय इंजिनावरून शाफ्टकडे किंवा चाकांकडे वळतो. या दोहोंतही फरक आहे. अशा अनेक गाड्यांत शाफ्ट चाकाच्या सुमारे चारपट वेगाने फिरतो. म्हणून त्याची थरथर बारीक असते, तर चाकाचा दोष जाड, सावकाश ठोक्यांनी जाणवतो.

खात्री मात्र गाडीखाली जाऊनच होते. त्यासाठी गाडी सपाट जागी, भक्कम स्टँडवर किंवा पिटवर हवी. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरणे जिवावर बेतू शकते. जमिनीवर टेकलेल्या चाकांना उटी लावून गिअर न्यूट्रल करावा. एका हाताने सांध्याची एक बाजू व दुसऱ्या हाताने दुसरी बाजू धरून उलटसुलट पिळावे, मग शाफ्ट वर-खाली दाबून पाहावा. सांध्यात डोळ्याला दिसेल एवढी हालचाल असेल, तर क्रॉस बदलावा लागेल. कपाभोवती तांबूस भुकटी दिसणे ही आणखी एक पक्की खूण.

सांधे घट्ट असूनही शाफ्ट थोडा फिरून मग अडत असेल, तर ती ढिलाई डिफरन्शियलच्या दात्यांची असू शकते. तेथे थोडी मोकळीक मुळातच ठेवलेली असते, तिला दोष समजू नये. अ‍ॅक्सलला कमानपाट्यांशी बांधणारे यू-बोल्ट ढिले असले तरी गाडी हलताना अगदी असाच खटका येतो आणि तो पान्याने आवळून जातो. सरकत्या दातेरी बाहीची झीज, इंजिनाचे फाटलेले रबरी माउंटिंग आणि दोन तुकड्यांच्या शाफ्टमधील सेंटर बेअरिंग हेही तपासावे.

दुर्लक्षाची किंमत मोठी आहे. सांधा तुटून शाफ्टचे पुढचे टोक खाली पडले, तर ते धावत्या गाडीत रस्त्यात रुतू शकते. चढावर शाफ्ट तुटला तर गिअर गाडीला धरू शकत नाही. विलीजच्या जुन्या जीपमध्ये हँडब्रेकही याच शाफ्टमार्फत काम करतो, म्हणजे तोही त्याच क्षणी जातो. दुरुस्तीसाठी शाफ्ट काढतानाही हेच घडते. म्हणून उटी आधी, पाना नंतर.

शाफ्ट उतरवण्यापूर्वी फ्लँजवर आणि दातेरी बाहीवर खुणा कराव्यात. तिरप्या सांध्यातून जाणारा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा कमी-जास्त होतो. दुसरा सांधा हा चढउतार भरून काढतो, पण त्यासाठी शाफ्टच्या दोन्ही टोकांचे चिमटे एका पातळीत असावे लागतात. बाही एखाद-दुसरा दाता चुकून बसली, तर नवा क्रॉस घालूनही गाडी पूर्वीपेक्षा जास्त थरथरते. कप ठोकताना एखादी सळई आडवी पडली तर लॉक खाचेत बसत नाही. अशा वेळी हातोडा चालवू नये, कप काढून पाहावा. कप चिमट्यात सैल बसतो म्हणून काही ठिकाणी वेल्डिंगचा टिपका मारून दिला जातो. तो स्वीकारू नये. तेथे चिमटाच बाद झालेला असतो.

ग्रीसचे निपल असलेला क्रॉस घेतल्यास चारही टोकांतून ताजे ग्रीस डोकावेपर्यंत पंप मारावा. एका टोकातून ते आलेच नाही, तर ती वाट तुंबलेली आहे.