काला अंबची लढाई पडद्यावर

दिल्लीहून नव्वदेक किलोमीटरवर, पानिपतजवळ काला अंब इथे विटांचा स्मारकस्तंभ आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठे आणि अफगाण बादशहा अब्दाली यांच्या लढाईत सांडलेल्या रक्ताने इथलं आंब्याचं झाड काळं पडलं, अशी आख्यायिका. त्या दिवशी अब्दालीकडे असलेलं एक हत्यार आजची गेम खेळणारी पोरं नावानिशी ओळखतात: जंबुरक, म्हणजे उंटाच्या पाठीवरची छोटी तोफ. 'एज ऑफ एम्पायर्स ३' या खेळाच्या २००७ मधल्या 'द एशियन डायनास्टीज' या विस्तारात ते भारतीय फौजेला मिळालं. अब्दालीचं हत्यार आपल्याकडे आलं, हीही गंमतच.

मालिकेच्या दुसऱ्या भागात मात्र भारतीयांना आणलं ते चाहत्यांनी. १९९९ च्या त्या जुन्या खेळावर हौशी मंडळींनी 'फरगॉटन एम्पायर्स' हा मॉड, म्हणजे मूळ खेळात केलेला बदल, रचला आणि डिसेंबर २०१२ मध्ये फुकट वाटला. इटालियन, इंका, मग्यार, स्लाव्ह यांच्यासोबत त्यात भारतीय होते. नोव्हेंबर २०१३ मध्ये तोच 'द फरगॉटन' या नावाने अधिकृतपणे विक्रीला आला. पृथ्वीराज चौहानाची मोहीमही त्यात होती.

या मॉडला खेळाडू मिळाले कुठून? नवा अड्डा उघडून लोकांना बोलावण्यात रचणाऱ्यांनी वेळ घालवला नाही. जुने खेळाडू जिथे रोज भिडत होते, त्या 'व्हूब्ली' या ऑनलाइन खेळण्याच्या ठिकाणी मॉड चालेल असं त्यांनी पाहिलं.

मालिकेच्या या दुसऱ्या भागासोबत नकाशे रचायचं साधन पहिल्यापासून येतं आणि त्याचा जीव आहे 'ट्रिगर'. एक अट घालायची, एक परिणाम जोडायचा. पानिपतची लढाई रचायची तर शत्रू दिल्लीच्या रस्त्यावर पोचला, ही अट; मराठ्यांच्या कोठारातलं धान्य दर मिनिटाला घटतं, हा परिणाम. १७६० च्या नोव्हेंबरपासून मराठ्यांचे सेनापती भाऊसाहेब यांच्या छावणीची झालेली उपासमार अशी दोन ओळींत बसते. हौशी रचनाकार चुकतात ते इथेच: आधी पडदाभर इतिहास वाचायला लावतात. खेळणाऱ्याला कोठार रिकामं होताना दिसू द्या, तो मजकूर नंतर स्वतःहून वाचेल.

२०११ पासून 'स्टीम वर्कशॉप'वर एका क्लिकमध्ये अनेक खेळांचे मॉड घेता येतात. त्यामुळे मिळणं सोपं झालं आणि गर्दीत हरवणंही.

२०२२ मध्ये दुसऱ्या भागाच्या 'डायनास्टीज ऑफ इंडिया' या विस्ताराने चाहत्यांच्या त्या एका भारतीय संस्कृतीच्या जागी हिंदुस्थानी, बंगाली, द्राविड आणि गुर्जर अशा चार केल्या. मराठे त्यात नाहीत. भाऊसाहेबांच्या बाजूने लढायचं तर २००९ चा 'एम्पायर: टोटल वॉर' हा खेळ घेता येईल, तिथे मराठे खेळायला मिळतात.