मरगळलेलं कलम: लावायचं की परत करायचं?

पावसाच्या तोंडावर रोपवाटिकेत आंब्याची कलमं घ्यायला गेलेला माणूस आधी पानं पाहतो. हिरवीगार दिसली की गाडीत, मलूल दिसली की बाजूला. खरं तर कलमाची पारख करायची ती जोडावर आणि मुळांवर. पानं दोन्ही बाजूंनी फसवतात.

पालवीचंच घ्या. तांबूस, लुसलुशीत, खाली लोंबणारी पानं पाहून ‘याला पाणी मिळालेलं नाही’ असा शेरा हमखास ऐकू येतो. आंब्याची कोवळी पालवी तशीच असते. काही दिवसांत ती ताठ आणि हिरवी होते. फक्त ही पालवी जून होईपर्यंत कलम हलवू नये, लावूही नये.

‘पानं गळाली, म्हणजे कलम मेलं.’ असं नाही. जोडाच्या वर नखाने साल किंचित खरवडा. आत हिरवा, ओलसर थर असेल तर काडी जिवंत आहे. शेंडा वाळलेला आणि खाली हिरवं असेल, तर वाळका भाग हिरव्यापर्यंत छाटून टाकता येतो. मात्र जोडापर्यंत सगळं तपकिरी, कोरडं लागलं तर ते कलम घेऊ नका.

खरवडायचं जोडाच्या वरच, कारण खाली असतो तो रायवळ कोयीचा खुंट. काडी मेली तरी तो जगतो आणि जोमाने फुटतोही. ‘बघा, किती तरारून फुटलंय!’ म्हणून गिऱ्हाईक खूश होतं. फूट जोडाच्या खालची असेल तर झाड वाढेल, फळेलही, पण त्याला हापूस लागणार नाही, आणि हे कळायला काही वर्षं जावी लागतात. माझ्या मते मरगळलेल्या कलमापेक्षा हे टवटवीत कलम जास्त धोक्याचं. काडी जिवंत असेल, तर खालची फूट तेवढी काढून टाका.

मोहोर आलेलं कलम लवकर फळेल, ही आणखी एक समजूत. काडी फळत्या झाडाची असल्याने ती पिशवीतही मोहोरते; त्यात रोपाची ताकद दिसत नाही. सुरुवातीची वर्षं मोहोर खुडलेलाच बरा.

मग मुळं. छोट्या पिशवीतलं कंबरेएवढं कलम दिमाखदार दिसतं, पण आत मुळांनी वेटोळी घातलेली असतात आणि लावल्यावरही ती बाहेर पसरायला तयार नसतात. बारीक वेटोळी सोडवून किंवा कापून लावता येतं. जाड सोटमूळच तळाशी गुंडाळलेलं असेल तर परत करा. माती ओली असूनही पानं सुकलेली आणि पिशवीला कुबट वास येत असेल, तर मुळं कुजताहेत. अशा कलमाला अजून पाणी घालणं म्हणजे उरलेलाही जीव घालवणं.

जिवंत पण थकलेल्या कलमाला युरियाची चिमूट देण्याचा मोह आवरा. क्षारांमुळे मुळांना पाणी ओढणं आणखी जड जातं. ते काही दिवस विरळ सावलीत ठेवा, बेताने पाणी द्या, हळूहळू उन्हाची सवय करा. शेडनेटखालून थेट माळरानावर नेलं तर धडधाकट कलमाचीही पानं करपतात. लावताना पिशवी पूर्ण काढायची आणि जोड मातीच्या वर ठेवायचा. जोडाची पट्टी प्लॅस्टिकची असेल, तर जोड पक्का झाल्यावर ती सोडवायची, नाहीतर खोडात रुतते.

पेरूची रोपं घेणाऱ्यांनी मात्र दयामाया दाखवू नये. मुळांवर गाठी दिसल्या की ‘हरभऱ्यासारख्या चांगल्या गाठी’ म्हणणारे भेटतात. हरभऱ्याच्या गाठी मुळाला बाजूने चिकटलेल्या असतात, चोळल्या की सुटतात. पेरूच्या गाठीत मूळच सुजलेलं असतं; ती सूत्रकृमींची लागण. असं रोप फुकट मिळालं तरी आणू नका, आणि चुकून आणलंच तर पिशवीतली माती बागेत टाकू नका.