हार्ड डिस्क आणि फ्रीजचा उपाय

संगणकातील हार्ड डिस्क एके दिवशी टक्‌टक् आवाज करू लागते, आणि वर्षानुवर्षांची छायाचित्रे किंवा प्रबंधाची एकुलती एक प्रत तिच्यात अडकून पडते. हा आवाज म्हणजे तबकडीवरील खुणा न सापडल्यामुळे वाचकशीर्षाने चालविलेली येरझार होय.

अशी डिस्क पिशवीत गुंडाळून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावी, असा एक घरगुती उपाय सांगितला जातो. त्याच्या मुळाशी थोडे तथ्य होते. जुन्या काही डिस्कांत शीर्ष तबकडीलाच चिकटून बसे. थंडीने धातू आकुंचन पावून ते सुटेल, ही त्यामागील कल्पना. आजच्या बहुतेक डिस्कांत मात्र विसाव्याच्या वेळी शीर्ष तबकडीबाहेर उभे असते. चालू असताना ते तबकडीपासून अवघ्या काही नॅनोमीटरांवर तरंगते. माणसाचा केस या अंतराच्या हजारो पट जाड! थंडगार डिस्क दमट हवेत आणल्यास आत दव धरू शकते, आणि शीर्षाच्या वाटेत एक सूक्ष्म थेंबही डोंगरासारखा ठरतो.

प्रथम केबल बदलून पाहावी. कित्येकदा दोष तिचाच निघतो, आणि उत्साही मंडळी नेमके हेच विसरतात. डिस्क निमूटपणे चालत असेल, तर दुरुस्तीच्या भरीस न पडता आधी सर्व मजकूर दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावा. टक्‌टक् ऐकू आल्यास मात्र वीज तत्काळ तोडावी. प्रत्येक नव्या प्रयत्नासरशी तबकडीवरील चुंबकीय थर खरवडला जाण्याचा संभव असतो.