टॅरोचे पत्ते आणि ‘केव्हां?’ हा प्रश्न

घरांत उपवर कन्या असली, मुलाची नेमणूक लांबली, किंवा कोणी वडील माणूस अंथरुणास खिळून राहिलें, म्हणजे सर्वांच्या मनांत घोळणारा प्रश्न एकच असतो: केव्हां? या प्रश्नासाठीं आपल्याकडे पंचांग व कुंडली होतीच. अलीकडे मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित घरांतून टॅरो नांवाचे पाश्चात्य पत्तेहि त्याच कामीं योजिले जातात. ते काळ सांगतात तो कोणत्या आधारावर, याची थोडी चौकशी करणें अवश्य वाटतें.

हे पत्ते मुळांत खेळाचे. इसवी सनाच्या पंधराव्या शतकांत उत्तर इटलींत ते निघाले. मिलानच्या विस्कोंती व स्फोर्झा या राजघराण्यांसाठीं रंगविलेले पत्ते न्यूयॉर्क व बेर्गामो येथील संग्रहांत आजहि आहेत. एकंदर पत्ते ७८. पैकीं ५६ चार रंगांचे, म्हणजे दंड, चषक, खड्ग व नाणीं यांचे. उरलेले २२ चित्रमय हुकुमाचे. पुढें १७८१ सालीं कूर द जेबलें या फ्रेंच पंडितानें हे पत्ते म्हणजे प्राचीन मिसर देशांतील गुह्य विद्येचा ग्रंथ होय, असें छापून टाकिलें. त्या वेळीं मिसरी चित्रलिपि वाचूं शकणारा एकहि मनुष्य युरोपांत नव्हता, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे! चारच वर्षांनीं आलिएत नांवाच्या गृहस्थानें, आपलें आडनांव उलट लिहून ‘एत्तेइला’ या नांवानें, त्यांवरून भविष्य पाहण्याचें पुस्तक काढिलें. आपल्या सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा १२० पत्त्यांचा आहे. पण तो खेळणाराला डावांतील पुढच्या पानापलीकडचें भविष्य कोणी विचारल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

काळ सांगण्याची शास्त्रोक्त म्हणविणारी रीत मात्र लंडनची. तेथें १८८८ सालीं ‘गोल्डन डॉन’ नांवाचें एक गुप्त मंडळ स्थापन झालें. त्या मंडळींनीं पत्त्यांची राशिचक्राशीं सांगड घातली. चक्राचे अंश ३६०. दहादहा अंशांचे भाग पाडिले म्हणजे ते ३६ होतात. एक्के व राजा-राणीसारखे पत्ते वगळले, तर चारी रंगांतील दुर्रीपासून दश्शीपर्यंतचे पत्तेहि नेमके ३६. मग काय! प्रत्येकास एकेक भाग वांटून दिला. सूर्य दिवसास सुमारें एक अंश चालतो, म्हणून एक पत्ता म्हणजे सुमारें दहा दिवस. हुकुमांपैकीं बारांना बारा राशि मिळाल्या. ‘मृत्यु’ हा पत्ता वृश्चिकेचा. तो निघाला असतां, कालनिर्णयापुरता तरी, २३ ऑक्टोबर ते २१ नोव्हेंबर एवढाच अर्थ घ्यावा, भिऊं नये, असें जाणते सांगतात.

दहा अंशांचा हा भाग आमच्या वाचकांस परका वाटण्याचें कारण नाहीं. तोच आपला द्रेष्काण. वराहमिहिरानें बृहज्जातकांत छत्तीसहि द्रेष्काणांचीं रूपें एका स्वतंत्र अध्यायांत वर्णिलीं आहेत, आणि हा शब्दच मुळीं ग्रीक ‘देकानोस’ यावरून आलेला. तेव्हां लंडनचा पत्ता आणि आपला ग्रंथ हीं एकाच आजीचीं नातवंडें होत. पण नातवंडांत भांडण आहे. पाश्चात्यांची गणना सायन, आपली निरयन. दोहोंत आज सुमारें २४ अंशांचें अंतर. नाण्यांची दुर्री मकरेच्या पहिल्या द्रेष्काणाची. लंडनच्या हिशेबानें तिचे दिवस २२ डिसेंबरपासून ३० डिसेंबरपर्यंत. आपण तर तिळगूळ वांटतों तो १४ जानेवारीच्या सुमारास. शिवाय मकर दरवर्षीं येते. ती कोणत्या सालची, हें पत्त्यावर कोठेंहि लिहिलेलें नसतें.

दुसरी रीत सोपी, म्हणूनच अधिक चालते. पत्त्यावरचा आंकडा घ्यावयाचा आणि रंगावरून मान ठरवावयाचें. परंतु दंड कोणाच्या मतें दिवस, तर कोणाच्या मतें आठवडे. चषक कोणाचे आठवडे, कोणाचे महिने. नाणीं मंद, म्हणून महिने किंवा वर्षें. रंगांवरून ऋतु सांगणारेहि आहेत. पण ते ऋतु युरोपचे चार, आपल्या पावसाळ्यास त्यांत जागाच नाहीं. आपल्या प्रश्नशास्त्रांतहि चर, स्थिर व द्विस्वभाव राशींवरून काळाचें मान ठरवितात, आणि तेथेंहि हीच अडचण येते, हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे.

ही केवळ विद्वानांची चर्चा नव्हे. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांतील तरुणास एका कारखान्याचें नेमणुकीचें पत्र आलें. उत्तराची मुदत पंधरा दिवसांची. वडील निवृत्तीस आलेले, धाकट्या बहिणीचें शिक्षण व्हावयाचें. कोणीतरी पत्ते पाहिले. नाण्यांची अठ्ठी निघाली. ‘आठ आठवड्यांत याहून चांगली जागा येईल,’ असें सांगण्यांत आलें, आणि मुलानें नकार कळविला. आठ आठवडे गेले. तेव्हां, नाणीं मंद, आठ महिने समजावे, असें उत्तर मिळालें. पुढें तेहि सरत आले, तेव्हां हा पत्ता कन्येच्या पहिल्या द्रेष्काणाचा, सबब ऑगस्टच्या अखेरीची वाट पाहावी, असा तिसरा अर्थ निघाला. सांगणारा लबाड होता असें आम्हांस वाटत नाहीं. त्याच्या विद्येंत आठ दिवसांपासून आठ वर्षांपर्यंत सर्वांनाच जागा आहे. चुकण्याला तेवढी नाहीं. मध्यंतरीं वडील निवृत्त झाले, आणि बहिणीच्या शुल्कासाठीं आईच्या पाटल्या मोडाव्या लागल्या.

ज्यांना कुतूहल आवरत नसेल त्यांनीं पत्ते जरूर पाहावे. चित्रें पाहण्यासारखीं आहेत, विशेषतः १९०९ सालीं लंडनमध्यें प्रसिद्ध झालेल्या जोडांतील पामेला कोलमन स्मिथ या बाईंनीं काढिलेलीं. मात्र पत्ते पिसण्यापूर्वींच वहींत चार गोष्टी लिहून घ्याव्या: आजची तिथि, विचारलेला प्रश्न, कोणता रंग कोणत्या मानाचा, आणि गणना सायन कीं निरयन. खालीं सांगणाराची सही घ्यावी. अशी वही पुढें केली असतां कांहीं पत्तेवाले काळाचा प्रश्न सोडून दुसरें कांहीं विचारा म्हणतात. त्यांच्यांतील कित्येक जाणते तर पहिल्यापासूनच काळ सांगत नाहींत.